खाट मिळाली म्हणून भाकरी थांबत नाही
(बेळगावातील कामगारवस्तीत नुकत्याच झालेल्या सभेत या पत्राच्या संपादकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



सीमाप्रश्नावर चार शब्द सांगावेत म्हणून आपण आम्हांस येथे बोलाविले. १९५६ च्या १७ जानेवारीस या गावात गोळीबार झाला, त्याच वर्षीच्या १ नोव्हेंबरला आपणांस आपली इच्छा न विचारता परराज्यात ढकलण्यात आले, १९६७ साली महाजन आयोगाने आपल्या जखमेवर मीठ चोळले आणि २००४ पासून आपला दावा सर्वोच्च न्यायालयात उभा आहे. हा इतिहास आपल्यापैकी प्रत्येकाला मुखोद्गत आहे. तो पुन्हा उगाळण्यासाठी आम्ही आज आलो नाही. आज आम्ही एका अगदी घरगुती प्रश्नाबद्दल बोलणार आहोत. घरचा कर्ता पुरुष किंवा कर्ती बाई कामावर जायबंदी होऊन रुग्णालयात पडली, म्हणजे त्या घरात येणाऱ्या पैशाचे काय होते, हा तो प्रश्न. सीमाप्रश्नाशी त्याचा काय संबंध, असे कोणी विचारील. तो संबंध आम्ही आपल्यापुढे उलगडून ठेवतो. मग आपणच निवाडा करावा.

गेल्या पावसाळ्यात आम्ही एका परिचिताच्या घरी समाचाराला गेलो होतो. हा गृहस्थ एका फौंड्रीत कामाला. साच्यात रस ओतताना तो उजव्या हातावर आणि पायावर उडाला. सहा आठवडे तो रुग्णालयात होता. उपचार विमा योजनेतून चालले होते, त्याबद्दल तक्रार नव्हती. घरात मात्र चूल कशी पेटत होती, हे त्या माउलीलाच ठाऊक. आम्ही विचारले, "पगाराच्या जागी काही मिळते की नाही?" ती म्हणाली, "दादा, दवाखान्याचा एवढा खर्च त्यांनीच सोसलाय. वर पैसे मागायचे ते कुठल्या तोंडानं?" मग तिने ट्रंकेतून एक कागद काढला. कारखान्याच्या माणसाने रुग्णालयात येऊन त्यावर नवऱ्याची डाव्या हाताची सही घेतली होती. कागद कानडी व इंग्रजीत होता. नवराबायको दोघांनाही वाचता येते, परंतु मराठी. त्या कागदात लिहिले होते की, अर्जदार आजारी असल्यामुळे त्यास रजा मिळावी. अपघाताचा त्यात उल्लेखही नव्हता.

बंधुभगिनींनो, त्या माउलीच्या एका वाक्यात आणि त्या एका कागदात आजचे आमचे सारे भाषण सामावले आहे. वाक्यात होता गैरसमज आणि कागदात होता घात. दोन्हींचा क्रमाने विचार करू.

प्रथम गैरसमज. रुग्णालयातील खाट मिळाली म्हणजे रोख पैशावरचा हक्क संपला, असे आपल्याकडे पुष्कळांना वाटते. हा समज केवळ अडाण्यांचा आहे असे मात्र नव्हे. मोठमोठ्या देशांनी तो आपल्या कायद्यांत घातला आहे. इंग्लंडचेच पाहा. तेथे अपंग माणसाला त्याच्या अपंगत्वापायी होणाऱ्या जादा खर्चासाठी सरकारकडून भत्ता मिळतो. परंतु तो मनुष्य सरकारी रुग्णालयात २८ दिवसांहून अधिक राहिला की भत्ता थांबतो. घरी येऊन पुन्हा २८ दिवसांच्या आत रुग्णालयात जावे लागले, तर मागचे दिवसही नव्या मुक्कामात मिळविले जातात. त्याची शुश्रूषा करणाऱ्या नातलगाला मिळणारा भत्ताही त्यामागोमाग बंद होतो. कारण असे सांगतात की, रुग्णालय त्याला खाऊ घालते, त्याची सेवा करते. मग एकाच गरजेसाठी सरकारने दोनदा खर्च का करावा?

वरवर पाहता हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. परंतु तेथीलच एका घरातील तीन वर्षांचा आजारी मुलगा २०१० साली रुग्णालयात दाखल झाला आणि वर्षाहून अधिक काळ तेथे राहिला. मुलांच्या बाबतीत तेव्हा ८४ दिवसांची मर्यादा होती. ती ओलांडताच भत्ता थांबला. मुलगा रुग्णालयात म्हणून आईबापांचा खर्च कमी झाला होता काय? उलट वाढला होता! रात्रंदिवस त्याच्या उशाशी कोणी तरी बसावे लागे. कामधंदा सुटला, येण्याजाण्याचा खर्च वाढला. मुलगा पुढे २०१२ साली वारला. पण बापाने लढा सोडला नाही. २०१५ साली इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, त्या बालकाचा भत्ता थांबविणे हा त्याच्या मानवी हक्कांचा भंग होता. २०१६ साली नियम बदलला, आणि १८ वर्षांखालील मुलांचा भत्ता रुग्णालयातील मुक्कामामुळे थांबणे बंद झाले. प्रौढांसाठी मात्र २८ दिवसांचा नियम राहिला.

ही परदेशची कथा आम्ही का सांगितली? 'रुग्णालय सांभाळते' हे गृहीत कृत्य तेथेही पुरते खरे ठरले नाही, हे दाखविण्यासाठी. मग आपल्याकडे ते कोठून खरे ठरणार? आपल्याकडे रुग्णाबरोबर त्याचे घरच रुग्णालयात जाते. बायको खाटेखाली चटई टाकून निजते, भाऊ सकाळचा डबा आणतो, मुलगा औषधाच्या चिठ्ठ्या घेऊन धावतो. एकाची मजुरी अपघाताने बुडते, दुसऱ्याची सेवेपायी बुडते. अशा वेळी पैसा थांबविणे म्हणजे दुष्काळात तेरावा महिना!

सुदैवाने आपल्या देशाचा कायदा या बाबतीत इंग्लंडहून निराळा आहे, आणि त्याच्या पायाशी एका मराठी माणसाचे श्रम आहेत, याचा आम्हांस अभिमान वाटतो. प्राध्यापक बी. पी. आडारकर यांनी १९४४ साली औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना सरकारला सादर केली. तिच्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते कानपूर येथे योजनेचा प्रारंभ झाला. त्याच वर्षी जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने सामाजिक सुरक्षेचा किमान दर्जा ठरविणारा करार संमत केला. एखाद्या माणसाचा निर्वाह सार्वजनिक खर्चाने चालला असेल तर त्याचा लाभ थांबविण्याची मोकळीक त्या कराराने राज्यांना दिली. परंतु निर्वाहाच्या किमतीहून लाभाची जी रक्कम जास्त असेल ती त्याच्या आश्रितांना द्यावी, असेही बजावले. म्हणजे रुग्णाला अन्न मिळाले तरी त्याच्या लेकरांना उपाशी ठेवू नये, एवढे जगाने १९५२ सालीच मान्य केले आहे.

आपल्या योजनेत तर उपचार हा एक लाभ आणि रोख रक्कम हा दुसरा लाभ, असे दोन स्वतंत्र हक्क आहेत. १९४८ चा तो कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आहे. परंतु हे दोन हक्क तिनेही कायम ठेवले आहेत. खाट मिळाली म्हणून पैसा थांबत नाही, आणि पैसा मिळाला म्हणून खाटेचे भाडे द्यावे लागत नाही. यात भीक नाही, मेहेरबानीही नाही. १ जुलै २०१९ पासून कामगाराच्या वेतनातून शेकडा पाऊण रुपया आणि मालकाकडून शेकडा सव्वातीन रुपये या योजनेसाठी ठरविण्यात आले. जो वर्गणी भरतो त्याने मागताना मान खाली का घालावी?

आता तो घातकी कागद. त्याचा अर्थ समजण्यासाठी थोडे आकडे ऐकावे लागतील. कंटाळू नका, हे आपल्या घरचे आकडे आहेत.

कामावर असताना, कामामुळे दुखापत झाली, तर जो रोख लाभ मिळतो तो तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ. अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस अपंगत्व टिकले पाहिजे, एवढीच अट. दर सरासरी रोजच्या वेतनाच्या शेकडा ९०. मुदतीची मर्यादा नाही. माणूस कामास योग्य होईपर्यंत तो मिळतो. किती दिवस वर्गणी भरली हेही पाहिले जात नाही. आज कामाला लागला आणि आजच जखमी झाला तरी तो हक्कदार. याउलट, साधा आजार असेल तर आजारपणाचा लाभ. त्याचा दर शेकडा ७०, मुदत वर्षाला ९१ दिवस, आणि त्यासाठी मागच्या सहामाही वर्गणीकाळात ७८ दिवसांची वर्गणी लागते.

समजा, आमच्या फौंड्रीतील त्या मित्राचे रोजचे वेतन ५०० रुपये आहे आणि सारे मिळून १२० दिवस तो कामाला मुकला. अपघात म्हणून नोंद झाली तर रोज ४५० प्रमाणे त्याला ५४,००० रुपये मिळतात. आजार म्हणून नोंद झाली तर रोज ३५० प्रमाणे जास्तीत जास्त ९१ दिवसांचे ३१,८५० रुपये. तो एक कागद, आणि घराचे नुकसान २२,१५० रुपयांचे! शिवाय हात कायमचा अधू राहिला, तर वैद्यकीय मंडळाने ठरविलेल्या प्रमाणात जन्मभर मिळणारे जे मासिक वेतन, त्याचा पायाच अपघाताच्या नोंदीवर उभा असतो. नोंदच नसेल तर आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

येथे आणखी एक अडचण लक्षात घ्या. या योजनेत उपचार बहुतांशी राज्य सरकारच्या हाताने होतात आणि रोख रक्कम केंद्राच्या महामंडळाच्या शाखा कचेरीतून मिळते. घर एक, पण दारे दोन. तुम्ही रुग्णालयात पडला आहात ही बातमी आपल्या पायांनी चालत दुसऱ्या दारापर्यंत जात नाही. ती दाखल्यांनी जाते: पहिला दाखला, मधले दाखले आणि कामास योग्य झाल्याचा अखेरचा दाखला. रुग्णालयातून घरी सोडले त्या दिवशी पैसा थांबतो, हाही एक भ्रम आहे. घरी आल्यावर जखम भरेपर्यंत जे दिवस जातात, त्यांचाही दाखला घेतला पाहिजे. कित्येक घरे रुग्णालयातील दिवसांचे पैसे घेतात आणि घरच्या दिवसांचे सोडून देतात.

आणि सीमाभागातील माणसासाठी एक अट फार जपण्यासारखी आहे. लाभ घेणाऱ्याने नेमून दिलेल्या ठिकाणी उपचार घ्यावेत आणि वैद्यकाच्या परवानगीवाचून आपला भाग सोडून जाऊ नये, असा नियम आहे. आपली सोयरीक कोल्हापूर, चंदगड, सावंतवाडी, म्हापसा अशी चहूकडे पसरलेली. दुखणे आले की आपले पाऊल आपोआप मिरजेकडे वळते. पिढ्यानुपिढ्यांची ती वाट आहे. जावे, अवश्य जावे; परंतु परवानगीचा कागद खिशात घालून जावे. बाहेरच्या वैद्यकाचा दाखला मान्य करण्याचा अधिकार महामंडळाला आहे; पण तो त्याचा विवेकाधिकार आहे, आपला हक्क नव्हे. आपण ज्या सीमेला मानत नाही, त्या सीमेपायी आपल्या लेकरांचा घास बुडू नये, एवढेच आमचे सांगणे.

जे या योजनेत बसत नाहीत त्यांचे काय? दहांहून कमी माणसांचे कारखाने आहेत. आणि १ जानेवारी २०१७ रोजी योजनेसाठी ठरलेली महिना २१,००० रुपयांची वेतनमर्यादा ओलांडणारेही आहेत. त्यांना १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याचा आधार होता. तोही आता त्याच संहितेत आला आहे. तात्पुरत्या अपंगत्वात दर पंधरवड्यास मासिक वेतनाच्या शेकडा २५, म्हणजे महिन्याला निम्मे वेतन, मालकाने द्यावयाचे असते. अपंगत्व २८ दिवस किंवा अधिक टिकले तर पहिल्या दिवसापासून, कमी टिकले तर पहिले तीन दिवस वगळून. इंग्लंडात २८ दिवसांनी पैसा थांबतो, आणि आपल्याकडे २८ दिवस भरले तर सोडलेले तीन दिवसही पदरात पडतात, हे ध्यानी ठेवा.

याच कायद्यातील एक वाक्य तर प्रत्येक कामगाराने आपल्या देवघरात लावावे. मालकाने उपचारासाठी जो पैसा दिला असेल, तो नुकसानभरपाई म्हणून दिला असे समजले जाणार नाही! 'तुझ्या दवाखान्यावर साठ हजार घातले, आता भरपाई कसली मागतोस?' असे जो म्हणतो, त्याला हे वाक्य दाखवावे. इतकेच नव्हे, २०१० पासून कामावरील दुखापतीच्या उपचाराचा कामगाराने केलेला प्रत्यक्ष खर्चही मालकाने भरून दिला पाहिजे, अशी तरतूद आहे. उपचार वेगळा, भरपाई वेगळी.

आणि ज्यांना मालकच नाही? घरच्या मागावर बसणारा विणकर, शेतावरची मजूर बाई? त्यांच्यापुरते आम्ही दोनच शब्द बोलतो, कारण अधिक बोलण्यासारखे सरकारने ठेवलेले नाही. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांपर्यंत नेण्याचा निर्णय घेतला. त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. परंतु ती योजना खाटेची, भाकरीची नव्हे. भाकरीसाठी केंद्राचे दिव्यांग निवृत्तिवेतन आहे. दारिद्र्यरेषेखालील घर आणि शेकडा ८० अपंगत्व असेल तर महिना ३०० रुपये! हा आकडा २०१२ सालापासून हललेला नाही. राज्ये त्यात आपापली भर घालतात. परंतु रुग्णालयाच्या दारातील चहा आणि रिक्षा यांतच ती सारी रक्कम विरून जाते. येथे हक्क राखण्याचा नव्हे, तर हक्क मिळविण्याचाच लढा द्यावा लागेल.

आता अगदी आरंभी विचारलेल्या प्रश्नाकडे येतो. याचा सीमाप्रश्नाशी संबंध काय?

संबंध त्या कागदाच्या भाषेशी आहे. ज्या माणसाचा उजवा हात पट्ट्यांत बांधलेला आहे, ज्याला वेदनेने झोप नाही, त्याच्या उशाशी न वाचता येणाऱ्या भाषेतला कागद ठेवून सही घेतली जाते. हा कागद मराठीत असता तर त्याच्या बायकोने एका दमात वाचला असता आणि विचारले असते, "आजारी म्हणून का लिहिलंय? हात तर तुमच्या भट्टीत भाजलाय!" भाषेचा हक्क हा कवींच्या आणि पंडितांच्या हौसेचा विषय आहे, असे हिणवणाऱ्यांनी एकदा त्या खाटेशेजारी उभे राहावे.

मात्र नुसते गाऱ्हाणे सांगून आम्ही थांबणार नाही. आपल्या हाती एक शस्त्र आहे. ते गंजत पडले हा आपला दोष. भारतीय संविधानाच्या ३५० व्या अनुच्छेदाने प्रत्येक माणसाला हक्क दिला आहे की, संघराज्याच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे आपले गाऱ्हाणे त्या संघराज्यात वा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडावे. महामंडळ केंद्राचे आहे. त्याला मराठी अर्ज परत करता येणार नाही. उत्तरही मराठीतच यावे असे मात्र तो अनुच्छेद म्हणत नाही, आणि ही उणीव आम्ही लपवीत नाही. तथापि अर्ज दाखल झाला, पोच मिळाली, तारीख पडली, म्हणजे निम्मी लढाई जिंकली. आमच्या त्या मित्राने असाच मराठीत अर्ज केला. सोबत काम करणाऱ्या दोघांनी अपघात डोळ्यांनी पाहिल्याचे लिहून दिले. त्या दोघांपैकी एक कानडी भाषक होता, हे आम्ही मुद्दाम सांगतो. भट्टीतला रस भाषा विचारून अंगावर उडत नाही. आपले भांडण त्या शेजाऱ्याशी नाही. आपल्या भाषेला दाराबाहेर उभे करणाऱ्या राज्यकारभाराशी आहे.

पाच महिन्यांनी अपघाताची नोंद झाली आणि फरकाची रक्कम मिळाली. परंतु मधल्या काळात त्या माउलीने शिवणयंत्र विकले होते. ते काही परत आले नाही.

म्हणून आमची चळवळीतील सर्व कार्यकर्त्यांना, आणि प्रथम आम्हां स्वतःला, एक विनंती आहे. मोर्चाच्या आदल्या रात्री आपण प्रत्येक गल्लीत फिरतो. पण अपघाताच्या दुसऱ्या सकाळी रुग्णालयात कितीजण जातो? 'आधी विलीनीकरण, मग बाकीचे' असे म्हणून आम्ही पुष्कळ वर्षे हे काम पुढे ढकलले. ती आमची चूक झाली. न्यायालयाचा निकाल लागेल तेव्हा लागेल; भाजलेला हात निकालाची वाट पाहत थांबत नाही. प्रत्येक गल्लीत दोन माणसे अशी हवीत की, जी अपघात कळताच चार गोष्टी पाहतील: कारखान्याच्या नोंदवहीत अपघात लिहिला गेला का, न वाचता कशावर सही झाली नाही ना, पहिला दाखला घेतला का, आणि गावाबाहेर न्यायचे असल्यास परवानगी काढली का. एवढ्याला ना पदवी लागते, ना पुढारीपण. मराठीत अर्ज लिहिता येणारा एक हात पुरे.

विलीनीकरणाची आमची मागणी कालच्याइतकीच आजही अढळ आहे. परंतु ज्या दिवशी तो सोन्याचा सूर्य उगवेल, त्या दिवशी तो पाहायला आपली माणसे धडधाकट आणि ताठ मानेने उभी असली पाहिजेत. त्या माउलीला आम्ही निघताना जे सांगितले, तेच आपणांस सांगतो आणि रजा घेतो: मागायला तोंड शोधू नका, वर्गणी आपण घामाने भरली आहे. आपल्या भाषेत लिहा, पोच घ्या, आणि मिळेपर्यंत हलू नका.

जय महाराष्ट्र!